नाव, रूप आणि नमुना : रिफामायसिन देणाऱ्या मृद्जिवाणूच्या ओळखीची कथा

द्रव्याचे ज्ञान नावापासून सुरू होते, पण नावापाशी संपत नाही, हा आपल्या शास्त्राचा फार जुना दंडक आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात आचार्य सांगतात की, रानात शेळ्या-मेंढ्या व गुरे राखणाऱ्यांना वनस्पतींची नावे आणि रूपे ठाऊक असतात. मात्र केवळ नाव वा रूप ठाऊक असल्याने द्रव्याचे संपूर्ण ज्ञान होत नाही. त्याच ठिकाणी न ओळखलेल्या औषधाला विष, शस्त्र आणि अग्नी यांची, तर नीट ओळखलेल्या औषधाला अमृताची उपमा दिली आहे. हा अध्याय आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत अभ्यासलेला आहे. तथापि ‘ओळखणे’ म्हणजे नेमके काय करणे, याचा विचार दैनंदिन व्यवहारात मागे पडतो.

हाच प्रश्न एका वेगळ्या शास्त्राला, वेगळ्या द्रव्याच्या संदर्भात, जवळजवळ अर्धे शतक सोडवावा लागला. तेथे द्रव्य होते मातीतील एक जिवाणू. डोळ्यांना न दिसणारा, पान-फूल-मूळ नसलेला. त्याच्यापासून राजयक्ष्म्यावरील आजचे एक प्रमुख औषध मिळाले. औषध जगभर गेले, परंतु ते देणाऱ्या जिवाणूचे नाव १९६० ते १९८६ या काळात दोनदा बदलले, आणि २००४ साली त्याच नावाखाली ठेवलेला एक नमुना निराळ्या जातीचा असल्याचे भारतीय संशोधकांनी सिद्ध केले. नव्या मृद्जिवाणूची ओळख व वर्गीकरण कसे होते, हे समजून घेण्यास यासारखे उदाहरण विरळाच. वैद्यवर्गाने आणि औषधनिर्मात्यांनी त्यातून घेण्यासारखेही बरेच आहे.

सेंट राफाएलची माती

१९५७ साली इटलीतील मिलान येथील लेपेतित या औषधनिर्मिती संस्थेच्या प्रयोगशाळेत फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील सेंट राफाएल गावाजवळच्या पाइन वृक्षांच्या बनातील मातीचा नमुना तपासणीस आला. त्या काळी जगभरच्या औषधी संस्था ठिकठिकाणची माती गोळा करीत होत्या. त्याचे कारणही तसेच होते. १९४३ साली अमेरिकेत मातीतील जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले होते आणि क्षयरोगावर प्रथमच प्रभावी प्रतिजैविक उपलब्ध झाले होते. मातीत आणखी काय दडले आहे, याचा शोध घेण्याची जणू चढाओढच लागली होती.

चिमूटभर मातीत जिवाणूंची संख्या कोट्यवधींच्या घरात असते. त्यांतून एकच जिवाणू वेगळा काढण्याची रीत तत्त्वतः सोपी आहे. माती निर्जंतुक पाण्यात कालवावयाची, ते पाणी पुनःपुन्हा दहापट विरळ करावयाचे आणि त्याचा अल्पांश पोषक माध्यमावर पसरावयाचा. काही दिवसांनी माध्यमावर ठिपक्यांसारख्या वसाहती दिसू लागतात. एक वसाहत म्हणजे बहुधा एकाच पेशीची संतती. ती उचलून नव्या माध्यमावर पुनःपुन्हा वाढविली की शुद्ध संवर्ध हाती येतो. एका उगमापासून अशा रीतीने जोपासलेल्या संवर्धाला ‘स्ट्रेन’ म्हणतात. मातीतील बहुसंख्य जिवाणू प्रयोगशाळेतील माध्यमावर वाढतच नाहीत. जे वाढतात त्यांतील फारच थोडे औषधी द्रव्य निर्माण करतात.

पिएरो सेन्सी, मारिया तेरेसा तिंबाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या मातीतून मिळालेल्या एका स्ट्रेनचा अर्क अनेक रोगकारक जिवाणूंची वाढ रोखू लागला. प्रयोगशाळेत त्या काळच्या ‘रिफिफी’ या फ्रेंच चित्रपटावरून द्रव्याला लाडके नाव मिळाले आणि तेच पुढे ‘रिफामायसिन’ म्हणून रूढ झाले. मूळ अर्कात एकाहून अधिक रिफामायसिने होती. त्यांतील ‘बी’ हा घटक स्थिर स्वरूपात शुद्ध करता आला. त्यावर रासायनिक संस्कार करीत करीत १९६० च्या दशकाच्या मध्यास तोंडाने घेता येणारे रिफॅम्पिसिन तयार झाले. १९६८ साली ते इटलीत वापरात आले आणि १९७१ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. क्षयाच्या सहा महिन्यांच्या प्रचलित चिकित्सेचा ते आजही आधारस्तंभ आहे.

औषधाचा प्रवास असा वेगाने झाला. जिवाणूच्या ओळखीचा प्रवास मात्र संथ आणि वळणावळणाचा होता.

रूपावरून पहिले नाव

नव्या जिवाणूचे वर्णन करताना त्या काळी मुख्य आधार होता रूपाचा. हा जिवाणू एकपेशी कणांसारखा न दिसता बुरशीसारखे बारीक, शाखायुक्त तंतू निर्माण करी. काही तंतू माध्यमात शिरत, तर काही वर हवेत येत. वसाहतीचा रंग, तंतूंची ठेवण, कोणती शर्करा पचवितो, किती तापमानास वाढतो, अशा लक्षणांची नोंद झाली. स्ट्रेप्टोमायसिन देणाऱ्या जिवाणूचा ‘स्ट्रेप्टोमायसिस’ हा वंश १९४३ सालीच स्थापन झाला होता आणि त्याची लक्षणेही अशीच होती. त्यामुळे १९६० साली मार्गालिथ आणि बेरेत्ता या संशोधकांनी नव्या जिवाणूस त्याच वंशात बसवून ‘स्ट्रेप्टोमायसिस मेडिटेरेनाय’ असे नाव दिले. भूमध्य समुद्राच्या काठची माती, म्हणून ‘मेडिटेरेनाय’.

येथे शास्त्रीय नावाची घडण लक्षात घ्यावी. त्यातील पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. वंश म्हणजे अनेक जवळच्या जातींचे कुटुंब. म्हणजेच पहिला शब्द उच्चारताच त्या जीवाचे नातेसंबंध सांगितले जातात. ते नाते चुकीचे ठरले, तर पहिला शब्द बदलावा लागतो. जातीचा शब्द शक्यतो तोच राहतो. आपल्या जिवाणूच्या बाबतीत नेमके असेच घडले.

घटकांवरून दुसरे नाव

रूप फसवे असू शकते, हे वैद्यांना सांगावयास नको. गुळवेलीच्या वाळलेल्या काड्यांत दुसऱ्या वेलीच्या काड्या मिसळल्या, तर केवळ बाह्य रूपावरून निवड करणे अनुभवी माणसालाही कठीण जाते. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांसमोर हीच अडचण होती. शाखायुक्त तंतू असणारे जिवाणू अनेक. त्यांच्यातील खरे नाते कसे ओळखावे?

१९६० च्या दशकात त्यावर एक नवे साधन मिळाले, ते म्हणजे पेशीभित्तिकेचे रासायनिक विश्लेषण. जिवाणूच्या पेशीभोवतीची भिंत ज्या घटकांनी बांधलेली असते, त्यांत डायअमिनोपिमेलिक आम्ल असते. हे आम्ल एकाहून अधिक रूपांत आढळते आणि कोणते रूप आहे ते त्या त्या वंशात स्थिर असते. स्ट्रेप्टोमायसिस वंशात त्याचे ‘एल-एल’ रूप असते. १९६९ साली थीमान आणि सहकाऱ्यांनी आपल्या जिवाणूची भित्तिका तपासली, तेव्हा तेथे ‘मेसो’ रूप आणि त्याच्या जोडीला अरॅबिनोज व गॅलॅक्टोज या शर्करा आढळल्या. ही ठेवण स्ट्रेप्टोमायसिसची नव्हे, तर नोकार्डिया वंशाची. त्यामुळे त्यांनी जिवाणूस नोकार्डिया वंशात हलवून ‘नोकार्डिया मेडिटेरेनिया’ असे नाव सुचविले.

हा केवळ शब्दाचा बदल नव्हता. नोकार्डिया वंशातील काही जाती मनुष्यास फुप्फुसाचे व त्वचेचे गंभीर रोग उत्पन्न करतात. ज्या जिवाणूची कारखान्यात मोठमोठ्या टाक्यांतून वाढ केली जाते, तो अशा कुळातला आहे असे नावच सांगू लागले. नाते खरोखरच तसे आहे काय, हे तपासणे अगत्याचे होते.

अभावावरून तिसरे नाव

नोकार्डियाची आणखी एक खूण होती. तिच्या भित्तिकेत मायकोलिक आम्ल नावाची लांब साखळीची मेदाम्ले असतात. क्षयाच्या जिवाणूच्या भित्तिकेतही अशीच आम्ले असतात. थुंकीच्या तपासणीतील आम्लरोधी रंगक्रिया मुख्यत्वे त्यांच्याशी निगडित आहे. आपल्या जिवाणूत मात्र ही मायकोलिक आम्ले नव्हतीच.

१९८६ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या मेरी लेशव्हालिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अभावाला योग्य ते महत्त्व दिले. भित्तिका नोकार्डियासारखी, पण मायकोलिक आम्ल नाही, अशा जिवाणूंसाठी त्यांनी नवे वंश स्थापन केले. त्यांतील एकाचे नाव ‘अॅमायकोलेटॉप्सिस’. यातील आरंभीचा ‘अ’ हा आपल्या संस्कृतातील नकारासारखाच आहे. मायकोलिक आम्ल नसलेल्यासारखा दिसणारा, असा त्या नावाचा आशय. आपला जिवाणू आता ‘अॅमायकोलेटॉप्सिस मेडिटेरेनाय’ झाला. बोर्निओच्या मातीतून मिळालेला आणि व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक देणारा जिवाणूही स्ट्रेप्टोमायसिस व नोकार्डिया असा प्रवास करून याच वंशात येऊन स्थिरावला. दोन दूरच्या भूमींतील, दोन भिन्न औषधे देणारे जिवाणू एका कुटुंबातले आहेत, हे ज्ञान योग्य वर्गीकरणामुळेच झाले.

नाव बांधून ठेवणारा नमुना

येथपर्यंतच्या कथेत एक प्रश्न दडलेला आहे. १९६० चे संशोधक, १९६९ चे संशोधक आणि १९८६ चे संशोधक एकाच जिवाणूबद्दल बोलत होते, हे कशावरून? त्यांची पुस्तके वा वर्णने सारखी होती म्हणून नव्हे. त्यांच्यासमोर जतन केलेला एकच जिवंत नमुना होता, म्हणून.

जिवाणूंच्या नामसंहितेचा हा गाभा आहे. प्रत्येक जातीच्या नावाला एक प्रमाणनमुना जोडलेला असतो; इंग्रजीत त्यास ‘टाइप स्ट्रेन’ म्हणतात. तो शीतशुष्क करून किंवा अतिशीत तापमानात संवर्धसंग्रहात ठेवला जातो. पुढे कोणासही आपल्याजवळचा जिवाणू त्या जातीचा आहे काय हे पाहावयाचे असेल, तर त्याने पुस्तकातील वर्णनाशी नव्हे, तर त्या प्रमाणनमुन्याशी तुलना करावयाची. वर्णने अपुरी असू शकतात, मते बदलू शकतात. नमुना मात्र उद्याच्या नव्या परीक्षणासाठीही उपलब्ध राहतो.

हा नियम किती कठोरपणे लागू झाला, याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. जुन्या ग्रंथांतून जिवाणूंची हजारो नावे साठली होती. त्यांतील कित्येकांचे नमुने नष्ट झाले होते, कित्येकांची वर्णने तोकडी होती. १ जानेवारी १९८० रोजी मान्य नावांची सूची अमलात आली आणि तीत दोन ते अडीच हजारांच्या दरम्यानच नावे उरली. बाकीच्या नावांचे शास्त्रीय स्थान संपुष्टात आले. पुढे २००१ पासून असा नियम झाला की, नव्या जातीचा प्रमाणनमुना दोन निरनिराळ्या देशांतील किमान दोन सार्वजनिक संग्रहांत ठेवल्याशिवाय तिचे नाव ग्राह्य धरले जाणार नाही. पुण्यात असे दोन महत्त्वाचे संग्रह आहेत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह जुना आहे. दुसरा २००९ साली राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या छत्राखाली उभा राहिला आणि २०११ साली त्यास आंतरराष्ट्रीय निक्षेप-संस्थेचा दर्जा मिळाला.

दिल्लीतील निष्कर्ष

रिफामायसिन देणारे अनेक स्ट्रेन जगभरच्या प्रयोगशाळांत ‘अॅमायकोलेटॉप्सिस मेडिटेरेनाय’ या एकाच नावाने वापरले जात होते. जर्मनीतील राष्ट्रीय संवर्धसंग्रहात या जातीचा प्रमाणनमुना ४३३०४ या क्रमांकाने ठेवलेला आहे. त्याच संग्रहात ४६०९५ क्रमांकाचा आणखी एक स्ट्रेन त्याच नावाने होता. दोहोंचे रूप मिळतेजुळते, दोहोंपासून रिफामायसिनच मिळे. साहजिकच दोन्ही एकाच जातीचे मानले गेले होते.

दिल्ली विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील रूप लाल यांच्या गटाने, हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील एस. शिवाजी आणि जर्मनीतील जॉन कलम यांच्यासह, या समजुतीची तपासणी केली. त्यासाठी त्यांनी कोणत्याही एका कसोटीवर विसंबून न राहता बहुविध कसोट्या लावल्या. ही पद्धत सविस्तर पाहणे उपयुक्त आहे, कारण आज कोणत्याही नव्या मृद्जिवाणूची ओळख याच क्रमाने होते.

पहिली कसोटी रूप आणि क्रिया यांची : तंतू, रंग, शर्करांचे पचन, तापमान व क्षार यांची सहनशीलता. दुसरी घटकांची : भित्तिकेतील आम्ले व शर्करा, पटलातील मेद, मेदाम्लांचे प्रमाण. तिसरी आनुवंशिक द्रव्याची. प्रत्येक जिवाणूत ‘१६ एस’ नावाचे एक जनुक असते. प्रथिने बांधणाऱ्या यंत्रणेचा तो भाग असल्याने त्यात फार सावकाश बदल होतात; म्हणून दोन जिवाणूंचे नाते किती दूरचे, हे त्यातील फरकांवरून मोजता येते. १९७७ साली कार्ल वूस यांनी याच तत्त्वावर सूक्ष्मजीवांचा वंशवृक्ष नव्याने मांडला होता. या जनुकात सुमारे ९८.७ टक्क्यांहून कमी साम्य असेल, तर दोन जिवाणू भिन्न जातींचे धरावेत, असा संकेत पुढे रूढ झाला.

मात्र साम्य त्याहून अधिक असले, तरी जात एकच असते असे नाही. अशा वेळी चौथी कसोटी लागते. दोन्ही जिवाणूंचे संपूर्ण डीएनए एकमेकांत मिसळून ते कितपत जुळते, हे पाहावयाचे. १९८७ साली ठरलेल्या निकषानुसार ही जुळणी साधारण ७० टक्के वा अधिक असेल, तरच जात एक. अलीकडे हीच तुलना जनुकसंचांचे संपूर्ण वाचन करून संगणकावर केली जाते आणि तेथे ९५ ते ९६ टक्के सरासरी साम्याची मर्यादा मानतात. नव्या जातीच्या वर्णनासोबत तिचा जनुकसंच द्यावा, अशी अपेक्षा २०१८ पासून ठेवली जाते.

या साऱ्या परीक्षणांचा एकत्रित निष्कर्ष स्पष्ट होता. ४६०९५ क्रमांकाचा स्ट्रेन हा ‘मेडिटेरेनाय’ नव्हता. तो स्वतंत्र जातीचा होता. २००४ साली सूक्ष्मजीव-वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्यास ‘अॅमायकोलेटॉप्सिस रिफामायसिनिका’ हे नाव मिळाले. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, नवी जात कुठल्या दुर्गम भूमीत सापडली नाही. ती दुसऱ्याच नावाची चिठ्ठी लावून संग्रहाच्या कपाटात होती.

या निष्कर्षाचा तार्किक अर्थ वैद्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. दोन द्रव्यांपासून एकच कर्म मिळते, म्हणून ती द्रव्ये एकच, असे अनुमान करता येत नाही. न्यायशास्त्राच्या भाषेत हा हेतू व्यभिचारी आहे. त्याचबरोबर, द्रव्य वेगळे ठरले म्हणून ते खोटे, असेही म्हणता येत नाही. दोन्ही जिवाणू रिफामायसिन देतात; त्यांतील कोणीही तोतया नाही. खोटी होती ती फक्त चिठ्ठी.

नावांची आपली परंपरा

आपल्या निघंटूंना हा नामविचार परका नाही. राजनिघंटूत नरहरी पंडितांनी द्रव्यनामांचे सात आधार सांगितले आहेत : रूढी, प्रभाव, देशोक्ती, लांछन म्हणजे खूण, उपमा, वीर्य आणि इतर द्रव्यांच्या नावांवरून आलेले नाव. आपल्या कथेतील नावे याच चौकटीत सहज बसतात. ‘मेडिटेरेनाय’ हे भूमीवरून आलेले नाव. ‘अॅमायकोलेटॉप्सिस’ हे खुणेवरून. ‘रिफामायसिनिका’ हे कर्मावरून. महाराष्ट्रातील उदाहरण द्यावयाचे तर, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या संस्थेत १९६१ साली थिरुमलाचार व सहकाऱ्यांनी ज्या मृद्जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळविले, त्यास पिंपरीवरूनच ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे नाव देण्यात आले.

नामकरणाचे आधार सारखे असले, तरी दोन परंपरांत एक भेद आहे. निघंटूंतील पर्यायनामे द्रव्याचे गुण-रूप अनेक अंगांनी उलगडून दाखवितात; वैद्यास ते उपकारक आहे. परंतु तेच नाव दोन द्रव्यांना लागू पडले, तर निर्णय कोणत्या नमुन्याशी ताडून करावयाचा, ही व्यवस्था निघंटूत नाही. पूर्वी ती गुरुशिष्यपरंपरेने आणि प्रत्यक्ष वनदर्शनाने सांभाळली होती. वैद्य स्वतः रानात जाई, द्रव्य ओळखे, योग्य ऋतूत ते उपटी. आज वैद्य आणि द्रव्य यांच्यामध्ये संग्राहक, अडते, व्यापारी आणि कारखाना उभे आहेत. त्या साखळीत नाव तेवढे एका हातातून दुसऱ्या हातात जाते. नमुना मागे राहतो.

योग्य ओळखीचे फळ

जिवाणूच्या नावावर एवढे श्रम कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढील संशोधनात आहे. रिफॅम्पिसिनला न जुमानणारे क्षयजंतू आज मोठी चिंता झाले आहेत. ओळख व जनुकरचना निश्चित झालेल्या अॅमायकोलेटॉप्सिस मेडिटेरेनायच्या एका स्ट्रेनमध्ये दिल्लीच्याच गटाने सहकाऱ्यांसह रिफामायसिन घडविणाऱ्या जनुकसमूहाचा एक तुकडा बदलला आणि किंचित निराळ्या घडणीचे रिफामायसिन मिळविले. त्यापासून केलेली द्रव्ये प्रयोगशाळेत काही प्रतिरोधी क्षयजंतूंवर अधिक प्रभावी ठरल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. कोणत्या जिवाणूत आपण बदल करीत आहोत, हे निश्चित नसते, तर असे काम दुसऱ्या कोणास पडताळूनही पाहता आले नसते.

या औषधाचा आपल्या त्रिकटूशीही संबंध आला आहे. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल यांनी १९७९ साली त्रिकटूतील पिंपळी व मिरे ही सहपानाने इतर औषधांची जैव-उपलब्धता वाढवितात, असा विचार मांडला. पुढे पिंपळी-मिऱ्यातील पायपरिनमुळे क्षयरुग्णांच्या रक्तातील रिफॅम्पिसिनची पातळी वाढते, हे १९८५ साली प्रसिद्ध झाले. त्या आधारे रिफॅम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमपर्यंत उतरविलेल्या आणि १० मिलिग्रॅम पायपरिन असलेल्या संयुक्त औषधास भारतात २००९ साली मान्यता मिळाली. यातून एक सावधगिरीही निघते. रिफॅम्पिसिन घेणाऱ्या रुग्णास आपण देत असलेले कल्प त्या औषधाच्या पातळीवर परिणाम करू शकतात. उलट रिफॅम्पिसिन यकृतातील विकरे उद्दीपित करून अनेक औषधांचा प्रभाव घटविते. म्हणून अशा रुग्णाची चालू औषधे विचारून नोंदविणे आणि क्षयाची चिकित्सा खंडित होऊ न देणे, हे आपले कर्तव्य ठरते.

संदिग्ध द्रव्यांचा प्रश्न

आता आपल्या भांडाराकडे वळू. शंखपुष्पी मागितली असता उत्तरेत कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस, केरळात गोकर्णी, अन्यत्र विष्णुक्रांता म्हणजे इव्हॉल्व्ह्युलस मिळते. रास्ना म्हणून उत्तरेत प्लुशिया लॅन्सिओलाटाची पाने, तर दक्षिणेत कुलंजनाचे कंद वापरले जातात. ब्राह्मी आणि मंडूकपर्णी यांची अदलाबदल तर नित्याचीच. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने यांतील प्रत्येक नावापुढे एकेक वनस्पती निश्चित केली आहे : शंखपुष्पीसाठी कॉन्व्हॉल्व्ह्युलस, रास्नेसाठी प्लुशिया, ब्राह्मीसाठी बाकोपा मोनिएरी. बाजाराने मात्र ती निश्चिती सर्वत्र स्वीकारलेली नाही.

यावर ‘सर्वच मेध्य आहेत, सर्वच वातघ्न आहेत’ असे समर्थन ऐकू येते. रिफामायसिनच्या कथेने या समर्थनाची मर्यादा दाखविली आहे. कर्म समान असेल. द्रव्य समान नाही, आणि म्हणून मात्रा, अनुपान व दुष्परिणाम समान असतील याची हमी नाही. नामसाम्याचा परिणाम किती भीषण होऊ शकतो, हे बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी दिसले. तेथे मेद कमी करण्याच्या गोळ्यांत स्टिफॅनिया टेट्रांड्रा ही चिनी वनस्पती घालावयाची होती. तिच्या चिनी नावाशी साम्य असलेल्या नावाची अॅरिस्टोलोकिया तिच्या जागी आली. शंभराहून अधिक रुग्णांची वृक्के निकामी झाली आणि पुढे अनेकांना मूत्रमार्गाचे अर्बुद झाले. ज्यांनी औषध दिले त्यांचा हेतू वाईट नव्हता. चिठ्ठी चुकीची होती.

आपल्या शास्त्राने द्रव्य न मिळाल्यास काय करावे, याचाही विचार केलेला आहे. भावप्रकाश व योगरत्नाकर यांनी अभाव-प्रतिनिधी द्रव्यांच्या याद्या दिल्या आहेत. तेथे मूळ द्रव्य कोणते आणि त्याऐवजी घेतलेले कोणते, हे स्पष्ट सांगितलेले असते. प्रतिनिधी आणि भेसळ यांतील भेद द्रव्यात नसून नोंदीत आहे. नोंदविलेला बदल हा प्रतिनिधी. लपविलेला वा न कळलेला बदल ही भेसळ.

औषधशाळेत काय करता येईल

औषधनिर्मात्यांना २००० साली लागू झालेल्या ‘शेड्यूल टी’नुसार कच्च्या मालाची ओळख व तपासणी बंधनकारकच आहे. परंतु नियमाची पूर्तता आणि प्रमाणनमुन्याची शिस्त या दोन गोष्टी भिन्न आहेत. लहान औषधशाळेसही पुढील बाबी अवघड नाहीत.

खरेदीच्या देयकावर केवळ ‘शंखपुष्पी’ वा ‘रास्ना’ असे न लिहिता शास्त्रीय नाव आणि प्रयोज्य अंग लिहून घ्यावे. नित्य वापरातील प्रत्येक संदिग्ध द्रव्याचा एक नमुना, शक्यतो फुला-फळांसह, तज्ज्ञाकडून एकदा ओळखून घेऊन औषधशाळेत कायम ठेवावा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था येथे मोठे वनस्पतिसंग्रह आहेत. त्यांच्या आधारे ओळख पटविता येते. पुढे येणारी प्रत्येक खेप या नमुन्याशी ताडून पाहावी : प्रथम रूप-रस-गंध, मग सूक्ष्मदर्शक, आणि आवश्यक तेथे रासायनिक परीक्षण. एक कसोटी जुळली म्हणून थांबू नये. प्रत्येक खेपेतील थोडे द्रव्य तारीख व क्रमांकासह राखून ठेवावे, म्हणजे पुढे तक्रार आल्यास वा नवे परीक्षण उपलब्ध झाल्यास मागे जाऊन पाहता येईल. प्रतिनिधी द्रव्य वापरले असेल, तर ते वेष्टनावर आणि वैद्यांना पाठविण्याच्या माहितीपत्रकात उघडपणे नमूद करावे.

वैद्यांच्या बाजूनेही एक गोष्ट व्हावयास हवी. एखाद्या कल्पाचा उत्तम अनुभव आला, किंवा आला नाही, तर तो लिहिताना औषधशाळेचे नाव, खेप क्रमांक आणि शक्य तेथे मुख्य द्रव्याचे शास्त्रीय नाव लिहावे. त्याविना एकाचा अनुभव दुसऱ्यास पडताळता येत नाही, आणि पडताळता न येणारा अनुभव शास्त्रात भर घालू शकत नाही.

सेंट राफाएलच्या मातीतला जिवाणू शास्त्रज्ञांनी दोनदा नव्याने नावारूपास आणला आणि त्याच्या नावाखाली लपलेला भाऊबंदही शोधून काढला. यात कोणाची मानहानी झाली नाही; नमुना जपून ठेवलेला होता, म्हणून प्रत्येक पिढीला आधीच्या पिढीचे काम तपासून पुढे नेता आले. आपल्या द्रव्यांची नावे त्या मानाने कितीतरी प्राचीन आहेत. त्या नावांपाठीमागे ओळखलेला व जपलेला नमुना उभा करणे, एवढेच आपल्या पिढीचे काम आहे.